कळा सोसण्याची सक्ती आणि निवडीचा हक्क

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रसूतीच्या वेदना हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात घेतला जावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. पिण्याचे पाणी, पीकविमा, ऊसतोडीचा दर, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे आपल्या नेहमीच्या परिचयाचे विषय. बाळंतपण हा घरातल्या बायकांचा आणि फार तर डॉक्टरांचा विषय, असा एक समज आपल्यातही रूढ आहे. परंतु प्रसूतिवेदना कमी करण्याचे उपाय मनुष्यजातीला सुमारे पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहेत. इतक्या काळानंतरही त्या उपायांचा लाभ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत मावणारा नाही. तो वाटपाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो राजकारणाचाही प्रश्न आहे.

हैदराबादचा क्लोरोफॉर्म आणि नळदुर्गची बाळंतीण

या प्रश्नाचा इतिहास दूरच्या विलायतेत शोधावा लागत नाही. आजचा धाराशिव जिल्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात होता आणि नळदुर्ग जिल्हा या नावाने ओळखला जात होता. त्याच काळात, १८८८ आणि १८८९ साली, निजामाच्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेत, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हा तेथील शल्यवैद्य त्यामागे होता. पहिल्या आयोगाचे निष्कर्ष इंग्लंडमधील वैद्यक वर्तुळाला पटेनात, तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचा प्रतिनिधी बोलावून घेतला. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. आयोगाने श्वासाच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने तो कौल अपुरा ठरवला, हा भाग वेगळा. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिलेने भूल देण्याच्या शास्त्रात प्रावीण्य मिळवले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

म्हणजे जगाच्या वैद्यक इतिहासात नोंदले गेलेले भूलविषयक संशोधन आपल्याच राज्याच्या राजधानीत, आपल्याच शेतसाऱ्यातून भरलेल्या तिजोरीच्या पैशावर झाले. त्या वेळी नळदुर्ग, तुळजापूर, परंडा भागातील अडलेल्या बाईला कशाचा आधार होता? सुईणीच्या हातांचा, एरंडेलाचा, गरम पाण्याच्या शेकाचा आणि कुलदैवताच्या नावाचा. ज्ञान राजधानीत होते, खर्च रयतेचा होता आणि लाभ दरबाराशी जवळीक असणाऱ्यांचा होता. सरंजामशाहीतील या अंतराचे नवल वाटायचे कारण नाही. नवल याचे वाटावयास हवे की सरंजामशाही १९४८ साली संपली, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी हे विशिष्ट अंतर फारसे मिटले नाही.

राणीचे बाळंतपण आणि कामगार स्त्रीचे बाळंतपण

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसनने १८४७ साली प्रसूतीत प्रथम ईथरचा आणि त्याच वर्षी क्लोरोफॉर्मचा उपयोग केला. त्यावर वैद्यकीय आक्षेप आले, तसेच धर्माच्या नावानेही आले. प्रसूतीच्या वेदना हा ईश्वरी शाप आहे, तो माणसाने दूर करू नये, अशी भूमिका काहींनी घेतली. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात जॉन स्नो या वैद्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि हे आक्षेप पुष्कळसे मावळले. राणीला जे चालते ते सरदारघराण्यांना चालू लागले, नंतर धनिक व्यापाऱ्यांना.

कामगार वस्तीतील स्त्रीपर्यंत ते पोचायला मात्र आणखी पाऊण शतक लागले, आणि तेही आपोआप घडले नाही. ब्रिटनमधील बहुतेक गरीब स्त्रिया घरी, परिचारिका-सुईणीच्या मदतीने बाळंत होत. क्लोरोफॉर्म देण्यासाठी डॉक्टर लागे आणि डॉक्टरची फी परवडत नसे. १९३० नंतरच्या दशकात लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांनी नायट्रस ऑक्साईड आणि हवा यांचे मिश्रण देणारे एक सुटसुटीत यंत्र तयार केले. कळ आली की बाईने मुखवटा स्वतःच्या हाताने तोंडावर धरायचा, श्वास घ्यायचा आणि कळ ओसरली की तो खाली ठेवायचा. गुंगी वाढली तर हात आपोआप खाली येतो. १९३६ साली हे यंत्र प्रशिक्षित सुईणींनी डॉक्टरविना वापरावे, अशी मान्यता मिळाली. तंत्रज्ञानाचा लोकाभिमुख उपयोग म्हणतात तो असा. डॉक्टर दुर्मीळ असतील, तर डॉक्टरविना सुरक्षितपणे वापरता येईल असे साधन घडवावे आणि ते हाताळण्याचे शिक्षण सुईणीला द्यावे, असा तो मार्ग होता.

समाजवादी विचाराच्या माणसाने या इतिहासातील एक प्रसंग विशेष ध्यानात ठेवावा. १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी प्रसूतीतील वेदनाशमनाची सोय सर्व स्त्रियांना मिळावी यासाठी पार्लमेंटमध्ये एक खासगी विधेयक आले. ते विरोधी बाकावरील सदस्याचे होते. आरोग्यमंत्री बेव्हन यांनी कायद्याची गरज नाही, प्रशासनाकडून हे काम होईल, अशी भूमिका घेतली आणि ते विधेयक बारगळले. सुईणींचे प्रशिक्षण पुढे वाढले हे खरे. पण स्त्रियांच्या प्रश्नावर पुरोगामी पक्षालाही बाहेरून ढुसणी द्यावी लागते, हा धडा त्यातून मिळतो.

फ्रान्समध्ये तर हा लढा थेट कामगार चळवळीच्या दवाखान्यातून लढला गेला. डॉ. फर्नां लामाझ यांनी १९५१ साली सोव्हिएत रशियात जाऊन, श्वसन आणि मनाच्या पूर्वतयारीने वेदना सुसह्य करण्याची पद्धती पाहिली. १९५२ पासून त्यांनी ती पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या प्रसूतिगृहात राबवली. गरोदर स्त्रियांचे वर्ग घेणे, शरीरात काय घडते ते त्यांना समजावून सांगणे, नवऱ्यालाही त्या शिक्षणात सामील करून घेणे, हे त्या काळी नवीन होते. त्या पद्धतीत दोषही होता. जी बाई शांतपणे बाळंत झाली ती उत्तीर्ण आणि जी ओरडली ती नापास, अशी काहीशी परीक्षा स्त्रियांवर लादली गेली. पुढे औषधाने वेदना शमवण्याची मागणी फ्रेंच स्त्रियांनी केली आणि १९९४ साली एपिड्यूरलचा संपूर्ण खर्च तेथील सामाजिक विम्याने उचलला. आज त्या देशात ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रसूतींमध्ये हा उपाय वापरला जातो. फ्रेंच बाई मराठवाड्यातील बाईपेक्षा नाजूक आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिच्या बाबतीत खर्चाचा प्रश्न समाजाने सोडवला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय कोणते आहेत?

निवडीची भाषा करायची तर निवडायचे काय, हे आधी माहीत हवे. कार्यकर्त्याने हे उपाय डॉक्टरप्रमाणे जाणावेत अशी अपेक्षा नाही, पण गावातल्या बैठकीत चार वाक्यांत सांगता येतील इतके ते समजून घेतले पाहिजेत.

पहिला उपाय औषधाविनाचा आहे. विश्वासातील एक बाई प्रसूतीच्या संपूर्ण काळात सोबत असणे, हा त्याचा गाभा. सतरा देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या सव्वीस चाचण्यांचा एकत्र अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषध कमी लागते, सिझरचे प्रमाण घटते आणि प्रसूतीला लागणारा वेळही थोडा कमी होतो, असे त्यातून दिसले. याला जोडून चालणे-फिरणे, कुशीवर किंवा बसत्या स्थितीत राहणे, कंबर चोळणे, शेक देणे, श्वासावर लक्ष ठेवणे हे उपाय येतात. जुन्या सुईणींना यातील बरेचसे ठाऊक होते. बाईला टेबलावर उताणी झोपवून पाय बांधल्यासारखे ठेवण्याची रीत रुग्णालयांची आहे, आपल्या आज्यांची नव्हे.

दुसरा उपाय हुंगण्याच्या वायूचा. मिनिटच्या यंत्राचा हा पुढचा अवतार असून त्यात नायट्रस ऑक्साईड आणि प्राणवायू निम्मे-निम्मे असतात. वेदना पूर्ण थांबत नाही, पण बोथट होते. काहींना मळमळ किंवा चक्कर येते, मात्र मुखवटा दूर केला की थोड्याच वेळात अंमल उतरतो. ब्रिटनमधील प्रसूतिकक्षांत तो सररास आढळतो, आपल्याकडे मात्र क्वचितच. यासाठी वायूचे सिलिंडर, हवा खेळती राहील अशी खोली आणि शिकलेली परिचारिका लागते.

तिसरा उपाय सुईने द्यायच्या वेदनाशामकांचा. पेथिडीन हे त्यातील जुने औषध, ट्रामाडॉल हे नंतरचे. यांनी गुंगी येते, उलटी होऊ शकते आणि वेदना मर्यादित प्रमाणातच कमी होते. पेथिडीनसारखे औषध जन्माच्या अगदी जवळच्या वेळी दिले गेल्यास बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. म्हणून ते केव्हा दिले याची नोंद आणि बाळावर लक्ष या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

चौथा आणि सर्वांत प्रभावी उपाय एपिड्यूरलचा. पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या मधल्या जागेत एक बारीक नळी ठेवून तीमधून बधिर करणारे औषध थोडे थोडे सोडले जाते. बाई पूर्ण शुद्धीवर राहते, कळा चालू राहतात, पण दुखणे बहुतांशी थांबते. याने सिझरचे प्रमाण वाढते आणि पाठ कायमची दुखते, हे दोन समज फार पसरलेले आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात या दोन्ही समजांना आधार सापडला नाही. तरीही या उपायाच्या मर्यादा लपवता कामा नयेत. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते, शेवटचा टप्पा लांबतो आणि काही थोड्या स्त्रियांना नंतर तीव्र डोकेदुखी होते. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर तो देता येत नाही. भूलतज्ज्ञ आणि सतत देखरेख यांच्याशिवाय तर तो देऊच नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींत, निरोगी बाईने वेदनाशमन मागितल्यास एपिड्यूरल हा शिफारस करण्याजोगा पर्याय मानला आहे. सुईची वेदनाशामके आणि मालिश, शेक, श्वसनाचे उपायही तेथे पर्याय म्हणून दिले आहेत. 'बाईने मागितल्यास' हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत. नको म्हणण्याचा अधिकारही त्यात सामावलेला आहे.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करावी. आपल्याकडे 'पिशवीचे तोंड लवकर उघडावे' म्हणून ड्रोटाव्हेरीनसारखी औषधे पुष्कळ ठिकाणी टोचली जातात आणि बाईला वाटते की दुखणे थांबवण्याची सुई मिळाली. ही औषधे स्नायूंची आकडी सोडवणारी आहेत. प्रसूती लांबू नये म्हणून ती देऊ नयेत, असे त्याच शिफारशींत सांगितले आहे. पोटावर दाब देऊन बाळ खाली ढकलणे आणि प्रत्येक बाईला सरसकट काप देणे, यांचीही शिफारस तेथे नाही.

जिल्ह्यातील बाईपुढची प्रत्यक्ष निवड

आता आपल्या आठ तालुक्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती. २०१८ साली केंद्राने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्यांत आपला एक होता. तरीही बाळंतपण घरातून दवाखान्यात नेण्याच्या बाबतीत मोठा पालट झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी राज्यातील निम्म्याहून अधिक बाळंतपणे घरी होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, गावोगावच्या आशा ताई आणि रुग्णवाहिका यांचा त्यात वाटा आहे. आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या साध्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवले. त्या कामाचे मोल विसरता येणार नाही.

परंतु दवाखान्यात पोचलेल्या बाईच्या वाट्याला काय येते? २०११ च्या कार्यक्रमाने औषधे, तपासण्या, रक्त, आहार, ने-आण हे सारे मोफत देण्याची हमी दिली. त्या हमीच्या यादीत वेदनाशमनाचा वेगळा उल्लेख नाही. प्रसूतिकक्षात ऑक्सिटोसिन असते, आणि ते असलेच पाहिजे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखून ते प्राण वाचवते. मात्र बाळ जन्मण्याआधी कळा वाढवण्यासाठीही ते वापरले जाते. त्याने कळांचा जोर आणि दुखणे वाढते, म्हणून त्याला योग्य कारण आणि बारीक देखरेख लागते. गर्दीच्या कक्षात खाटा कमी आणि परिचारिका त्याहून कमी, अशा स्थितीत बाई लवकर मोकळी व्हावी हाच हिशेब प्रभावी ठरतो. परिणामी कळा वाढवण्याची सुई सहज मिळते आणि कळांचे दुखणे कमी करण्याचा उपाय मिळत नाही. यात त्या परिचारिकेला दोष देणे अन्यायाचे होईल. एका पाळीत चार-पाच बायकांकडे एकटीने पाहणाऱ्या बाईकडून धीराच्या शब्दांची अपेक्षा करायची आणि तिच्या रिक्त जागांविषयी मौन पाळायचे, हे ढोंग आहे.

दुसरीकडे खासगी दवाखाना. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील सरकारी संस्थांत सिझरचे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के आढळले. महाराष्ट्रातील एकूण प्रमाण २५.४ टक्के होते. या तफावतीचे सारे स्पष्टीकरण वैद्यकीय कारणांत सापडत नाही. नैसर्गिक प्रसूतीला दहा-बारा तास लागतात आणि ती रात्री-अपरात्री होते. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, तिची वेळ ठरवता येते आणि तिची फीही जास्त असते. बाहेरून बोलावलेला भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपुरता येऊन जाऊ शकतो, एपिड्यूरलसाठी त्याला तासन् तास थांबावे लागते. एपिड्यूरलचे औषध महाग नाही, महाग आहे तो माणसाचा वेळ. बाजाराच्या नियमाने पाहिले तर दवाखान्याला सिझर परवडते आणि वेदनाशमन परवडत नाही.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही, कारण येथे विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते. प्रसूतीच्या टेबलावर तर घेणारीला विचार करायलाही अवसर नसतो. नातेवाईक म्हणतात, 'डॉक्टर, तिला बघवत नाही, सिझर करून टाका.' पुढे कर्ज होते, टाके दुखतात, पुढच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. त्या कुटुंबाला सिझर हवे होते का? त्यांना दुखणे थांबायला हवे होते. दुखणे थांबवण्याचा दुसरा मार्ग कोणी दाखवला नाही.

म्हणून आपल्या बाईपुढची 'निवड' अशी उरते: सरकारी कक्षात निमूटपणे सोसणे, किंवा उसनवारी करून पोट कापून घेणे. यांच्या मधले चार उपाय तिच्या कानावरही येत नाहीत. याला निवड म्हणता येणार नाही.

सोसण्याचे संस्कार

यावर एक उत्तर हमखास ऐकू येते. आमच्या बायका कणखर आहेत, त्या काही मागत नाहीत. अमर्त्य सेन यांनी वारंवार उल्लेखलेली एक पाहणी येथे आठवावी. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे विधुर आणि विधवा यांना प्रकृतीविषयी विचारण्यात आले. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती जेमतेम आहे असे सांगितले. विधवांपैकी तसे सांगणाऱ्या केवळ २.५ टक्के निघाल्या. विधवांची प्रकृती चांगली होती, असा याचा अर्थ कोणताही शहाणा माणूस काढणार नाही. ज्यांना तक्रारीचा हक्कच नाही असे वाढवले जाते, त्या तक्रार करत नाहीत. मागणी नसणे हा गरज नसल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट अर्थशास्त्राने या पाहणीतून शिकावी आणि राजकारणानेही शिकावी.

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण म्हणतो. त्या म्हणण्यात भीती आहे, आदरही आहे, परंतु दुखणे कमी करण्याचा विचार नाही. प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या बाईला मिळणारी दटावणी, क्वचित चापटीही, याचाच विस्तार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली प्रसूतीच्या वेळच्या अवमानाविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढले, यावरून हा प्रश्न जगभरचा आहे हे कळते. टाके घालताना जागा बधिर न करणे हा त्याचाच एक क्रूर प्रकार आहे. लिग्नोकेन हे औषध स्वस्त आहे, साधे आहे, त्यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाही. तरीही 'एवढे मोठे सोसले, आता हे काय दोन टाके' हे वाक्य कितीतरी बायकांनी ऐकलेले असते.

ज्या बायका ऊसतोडीला जातात त्यांची स्थिती याहून बिकट. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड निघते आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा झाला तर दंड. गरोदरपणाची नोंद गावात, कळा येतात त्या परजिल्ह्यातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात किंवा कोपीत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्री कामगारांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला, १९६१ साली देशाचा कायदा झाला आणि २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. कोयत्यावरच्या बाईपर्यंत यातले काही पोचलेले नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. दुखण्याकडे वेळीच लक्ष द्यायचे नाही आणि अखेर अवयव काढून मोकळे व्हायचे, ही तीच रीत आहे.

'आधी रक्त, मग वेदनाशमन'

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. जिथे रक्ताची पिशवी वेळेवर मिळत नाही, जिथे अडलेली बाई सोलापूरला किंवा लातूरला पाठवावी लागते, तिथे वेदनाशमन मागणे ही चैन नव्हे काय? प्राधान्यक्रम हवा, हे खरे. पण हा क्रम ठरवताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, वेदनाशमनासाठी लागणारा भूलतज्ज्ञ आणि शिकलेली परिचारिका हीच माणसे रक्तस्रावाच्या किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बाईचा जीव वाचवतात. भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असणे ही एकच मागणी दोन्ही कामे साधते. दुसरी अशी की, सोबतीण, पडदा, बसण्याची मोकळीक, टाक्यांआधीची भूल यांना जवळपास खर्चच नाही. त्यांच्यामुळे रक्ताची एकही पिशवी कमी होणार नाही. 'आधी हे, मग ते' या युक्तिवादाने स्त्रियांचे प्रश्न नेहमीच दुसऱ्या रांगेत गेले, आणि दुसऱ्या रांगेची पाळी कधी आली नाही.

काय मागावे?

मागण्या मोजक्या, स्पष्ट आणि तपासता येण्याजोग्या असाव्यात.

पहिली मागणी सोबतिणीची. प्रसूतीच्या वेळी सोबत बाई असू द्यावी, असे केंद्र शासनाने २०१६ साली सांगितले आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात त्याचा समावेश झाला. म्हणजे येथे नवा निर्णय नको, झालेल्या निर्णयाची अंमलबजावणी हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि रुग्णालयाच्या भिंतीवर तशी मराठी पाटी लागली आहे का आणि प्रत्यक्षात आईला किंवा बहिणीला आत सोडतात का, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे.

दुसरी मागणी, भूल दिल्याशिवाय एकही टाका नको. लिग्नोकेनचा साठा आहे की नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीतही विचारता येते.

तिसरी मागणी धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाविषयीची. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की भूलशास्त्राचा विभाग असावाच लागतो. त्या विभागामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणी प्रसूतीतील वेदनाशमनाची सेवा रात्रंदिवस आणि मोफत मिळावी, बाईने मागितल्यास एपिड्यूरल मिळावे, आणि हुंगण्याच्या वायूची सोय करून ती उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत न्यावी. २०१८ पासून केंद्र शासनाने प्रसविका-परिचारिकांच्या वेगळ्या प्रशिक्षणाचे धोरण घेतले आहे. त्यात या वायूच्या वापराचे शिक्षण असावे. जे काम १९३६ साली ब्रिटनमधील सुईण करू शकत होती, ते आपली परिचारिका आज निश्चितच करू शकेल.

चौथी मागणी माहितीची. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीत प्रत्येक गरोदर बाईला हे उपाय, त्यांचे फायदे आणि धोके, साध्या मराठीत आणि लमाणी वस्तीत त्यांच्या बोलीत सांगितले जावेत. कळा सुरू झाल्यावर पुढे केलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

पाचवी मागणी, जिल्ह्यातील प्रत्येक संस्थेतील, सरकारी आणि खासगी, सिझरचे प्रमाण दरवर्षी जाहीर व्हावे.

सहावी मागणी साखर कारखान्यांकडे. कारखाना ज्या हंगामात चालतो त्या हंगामात फडावरच्या गरोदर बायकांची नोंद, जवळच्या दवाखान्याशी बांधणी आणि बाळंतपणाच्या काळात खाड्याचा दंड बंद, एवढी जबाबदारी कारखान्याने घ्यावी. उसाचा एकेक टन मोजणाऱ्या व्यवस्थेला फडातल्या गरोदर बायका मोजणे अशक्य नाही.

या मागण्यांसाठी मोर्चाच हवा असे नाही. ग्रामसभेत ठराव होऊ शकतो, जिल्हा परिषदेत प्रश्न येऊ शकतो, महिला बचत गटांच्या बैठकीत चर्चा होऊ शकते. पण सुरुवात एका साध्या कामापासून व्हावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या बायकांकडे आपल्या संघटनेतील भगिनींना पाठवावे. सोबत कोण होते, काय टोचले, काय विचारले, टाके घालताना भूल दिली होती का, किती खर्च आला, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे नावे न लिहिता टिपून ठेवावीत. आठ तालुक्यांतून अशी टिपणे आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवायला आपल्याकडे वस्तुस्थिती असेल. ज्या बायकांना आजवर कोणी विचारलेच नाही, त्यांना विचारले गेले, हे कामही त्यातूनच होईल.